स्वतःची गाडी पहिल्यांदा ट्रॅकवर नेताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रॅक डेला, म्हणजे स्वतःची गाडी बंद सर्किटवर चालवायच्या दिवसाला, जायचे ठरले की लोक आधी हॉर्सपॉवरबद्दल विचारतात. ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात नसते. खालच्या उत्तरांत मी दुसऱ्या गोष्टीवर जास्त शाई खर्च केली आहे. कारण ट्रॅकवरच्या बहुतेक अडचणी, मग त्या ब्रेकच्या असोत, टायरच्या किंवा इंजिनच्या, फिरून उष्णतेपाशीच येतात.

ट्रॅक डे म्हणजे शर्यतच ना?

नाही. इथे पहिला-दुसरा क्रमांक नसतो, बक्षीस नसते, आणि बऱ्याच ठिकाणी घड्याळ लावून वेळ मोजायलाही मनाई असते. बंद सर्किट असते, सगळ्या गाड्या एकाच दिशेने जातात, समोरून कोणी येत नाही. चालकांचे अनुभवाप्रमाणे गट पाडतात आणि प्रत्येक गटाला साधारण १५ ते ३० मिनिटांचे सेशन आळीपाळीने मिळते. नवशिक्यांच्या गटात ओव्हरटेक फक्त ठरवून दिलेल्या सरळ पट्ट्यांवर करता येतो, तोही पुढच्या चालकाने खिडकीतून हात काढून ‘इकडून जा’ अशी खूण केल्यावर. सकाळचे ब्रीफिंग, म्हणजे नियम समजावून सांगणारी बैठक, चुकवू नका. ते चुकवले तर सहसा ट्रॅकवर सोडतच नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगची गोष्ट वेगळी. १९२७ साली खुल्या झालेल्या तिथल्या नॉर्डश्लाइफे या २०.८ किलोमीटरच्या वळसेदार सर्किटवर सर्वसामान्यांना पैसे भरून गाडी चालवता येते. पण त्या वेळी तो कायद्याने टोल भरून वापरायचा एकेरी रस्ता असतो आणि वाहतुकीचे नियम लागू असतात. व्हिडिओ पाहून अनेकांना पहिला अनुभव तिथेच घ्यावासा वाटतो. कृपया घेऊ नका. इतकी वळणे लक्षात राहायलाच कित्येक फेऱ्या लागतात, आणि बाजूला चुका पोटात घालणारी मोकळी जागा फारच कमी आहे.

माझी गाडी साधी हॅचबॅक आहे. हसतील का लोक?

उलट. अनुभवी मंडळी हलक्या गाडीकडे जरा हेव्यानेच पाहतात. १९८९ मध्ये आलेली पहिली माझदा एमएक्स-५ एक टनाच्या आतली होती आणि तिच्या १.६ लिटर इंजिनची ताकद सव्वाशे हॉर्सपॉवरही नव्हती. तरीही हौशी ट्रॅक ड्रायव्हिंगमध्ये तिच्याइतकी रुळलेली गाडी शोधून सापडणार नाही. वजन कमी असले की ब्रेक कमी तापतात, टायर जास्त टिकतात आणि चूक सावकाश घडते, म्हणजे ती कळायला वेळ मिळतो.

पाचशे हॉर्सपॉवरच्या गाडीत नवशिक्याचे नेमके उलटे होते. सरळ रस्त्यावर गाडीच सगळे काम करते, वळण मात्र अंदाजापेक्षा लवकर आणि अंदाजापेक्षा वेगात समोर येते. तशी गाडी असेल तर ती जरूर न्या, फक्त पहिला दिवस सत्तर टक्क्यांवर चालवायची तयारी ठेवा.

दोन प्रकारच्या गाड्यांबद्दल आधी विचारून घ्या : उंच एसयूव्ही, कारण त्या उलटण्याचा धोका जास्त असतो, आणि उघड्या टपाच्या गाड्या, कारण त्यांना रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर डोके वाचवणारी मजबूत कमान, असल्याशिवाय बरेच आयोजक परवानगी देत नाहीत.

आधी रिमॅप, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये बदल, करून घेऊ का? पिकअप वाढेल.

नको. पिकअप वाढला की वळणाआधीचा वेग वाढतो आणि तो ब्रेकला पचवावा लागतो. ते पैसे ब्रेकचे पॅड, ब्रेक ऑइल आणि इन्स्ट्रक्टर यांच्यावर खर्च करा. वर्षभराने हाच प्रश्न पुन्हा मनात आला, तर उत्तर तुम्हीच द्याल.

ब्रेक तर नुकतेच सर्व्हिसिंगमध्ये तपासलेत. आणखी काय करायचे?

थोडा हिशेब करू. १,४०० किलोची गाडी १८० वरून ८० किलोमीटरच्या वेगावर आणायची तर साधारण १४ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. तिच्यातली बहुतेक ब्रेकमध्ये जाते. एवढ्या ऊर्जेत साडेचार लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला येईल. हे सगळे चार-पाच सेकंदांत, आणि पुढच्या मोठ्या वळणावर पुन्हा. रस्त्यावर १०० च्या वेगातून गाडी पूर्ण थांबवतानाही याच्या चाळीस टक्क्यांहून कमी ऊर्जा निघते, शिवाय त्यानंतर ब्रेकला मिनिटेच्या मिनिटे आराम मिळतो. सर्व्हिसिंगची तपासणी त्या आयुष्यासाठी असते.

ही उष्णता चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कमधून पॅडमध्ये, पॅडमधून ते डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरमध्ये आणि तिथून ब्रेक ऑइलमध्ये उतरते. ब्रेक ऑइलची खोड अशी की ते हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट ४ (डॉट हे अमेरिकी मानक) दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरले की हीच किमान मर्यादा १५५ वर येते. डॉट ५.१ साठी हे आकडे २६० आणि १८० आहेत. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. मग तुम्ही पेडल दाबता आणि ते बुडबुडे दाबण्यातच सगळा जोर जातो.

माझ्या दुसऱ्याच ट्रॅक डेला हे घडले. ऑइल दोन वर्षांचे होते, ‘चालेल अजून’ म्हणून तसेच ठेवले होते. चौथ्या फेरीत पेडल जरा मऊ वाटले, पाचव्या फेरीत ते थेट तळाला गेले. पटापट तीन-चारदा पंप केल्यावर थोडा दाब आला आणि मी वळण सोडून सरळ पुढच्या खडीच्या पट्ट्यात जाऊन थांबलो. गाडीला ओरखडाही नाही, पण खालच्या सगळ्या फटींतून खडे काढण्यात संध्याकाळ गेली. तेव्हापासून प्रत्येक मोसमाआधी ताजे ऑइल भरून चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढल्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही.

रोजच्या गाडीला पहिल्या दिवसासाठी बंद डब्यातले ताजे डॉट ४ किंवा ५.१ सहसा पुरते. ३०० अंशांच्या वर उकळणारी रेसिंगची ऑइलही मिळतात, ती वारंवार बदलावी लागतात. डॉट ५ मात्र वेगळेच, सिलिकॉनवर आधारलेले असते. नाव पाहून ‘४ पेक्षा ५ बरे’ असे समजून ते भरू नका. ते बाकीच्या ऑइलमध्ये मिसळत नाही.

पेडल घट्ट आहे, पण गाडी थांबत नाही. हेही ऑइलच का?

नाही, हे पॅड. ऑइल उकळले तर पेडल मऊ होऊन खाली जाते. पॅड मर्यादेपलीकडे तापले तर पेडल दगडासारखे राहते आणि गाडी मात्र पुढेच सरकते. दोन्हीचा तात्पुरता उपाय एकच : वेग कमी करा आणि ब्रेक न वापरता एक-दोन फेऱ्या थंड हवा लागू द्या. पुढच्या वेळी जास्त तापमानाचे पॅड बसवा. ते आवाज करतात, काळी भुकटी उडवतात, आणि अस्सल रेसिंगचे पॅड थंड असताना नीट धरतच नाहीत, म्हणून रोजच्या रस्त्यावर ते धोक्याचे. मधल्या वर्गातले, रस्ता आणि ट्रॅक दोन्हीला चालणारे पॅड नवशिक्याला पुष्कळ झाले. नवे पॅड आदल्या रात्री बसवून सकाळी ट्रॅकवर जाऊ नका. कंपनीने सांगितलेल्या पद्धतीने ब्रेक लावून ते आधी डिस्कशी जुळवून घ्यावे लागतात. निम्म्याहून जास्त झिजलेले पॅडही नेऊ नका. पातळ पॅडमधून उष्णता ऑइलपर्यंत लवकर पोहोचते.

टायर नवे घ्यावेत का?

पहिल्या दिवसासाठी चिकट ट्रॅक टायर घेऊ नयेत, असे माझे मत आहे. चांगल्या स्थितीतला रस्त्यावरचा टायर मर्यादा जवळ आली की किंचाळून सांगतो. चिकट टायर बराच वेळ गप्प राहतो आणि मग एकदम सुटतो. शिकायला बोलका टायर बरा.

टायर जुने किती, हे मात्र पाहा. बाजूच्या भिंतीवर ‘DOT’ या अक्षरांच्या खुणेत शेवटी चार आकडे असतात : पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. ‘२३२१’ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी जुन्या टायरचे रबर टणक होते. बाजूला भेगा किंवा फुगवटा दिसला तर तो टायर ट्रॅकवर नेण्याचा विचारच सोडा.

आता हवा. सकाळी थंड टायरमध्ये ३२ पीएसआय असेल तर टायर तापल्यावर ते सहज ३६-३८ होते, कारण तापमान १० अंशांनी वाढले की दाब साधारण दीड पीएसआयपर्यंत चढतो. जास्त फुगलेला टायर मधल्या पट्ट्यावर चालतो आणि पकड जाते. म्हणून ट्रॅकवरून आल्या आल्या, टायर गरम असतानाच दाब मोजतात आणि जादा हवा सोडतात. किती ठेवायची हे गाडी आणि टायरवर अवलंबून आहे. तुमच्यासारखीच गाडी घेऊन येणाऱ्या एखाद्या जुन्या खेळाडूला विचारा. टायरच्या खांद्यावर, म्हणजे नक्षी आणि भिंत मिळतात तिथे, खडूने रेघ ओढायची युक्तीही छान चालते. रेघ भिंतीवर फार खालपर्यंत पुसली गेली तर हवा कमी आहे, खांद्यावरही तशीच राहिली तर जास्त. चांगल्या गेजला पर्याय नाही. पंपावरच्या मीटरवर विसंबू नका.

समोरच्या टायरची फक्त बाहेरची कड झिजत असेल तर ते निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत झुकलेला असणे, कमी असल्याचे लक्षण. दोन-चार ट्रॅक डे झाल्यावर अलाइनमेंटवाल्याशी त्याबद्दल बोला, आधी नको.

इंजिनसाठी काय तयारी?

इंजिन ऑइल ताजे, आणि डिपस्टिकवर वरच्या खुणेपाशी. लांब, वेगवान वळणात ऑइल संपमध्ये, म्हणजे इंजिनखालच्या भांड्यात, एका बाजूला सरकते. पातळी कमी असेल तर पंपाला क्षणभर हवा मिळते आणि तेवढा क्षण बेअरिंग खराब व्हायला पुरतो. पण खुणेच्या वर भरणेही चूक. रेडिएटरच्या जाळीतला पालापाचोळा काढा, कूलंटची पातळी गाडी थंड असताना पाहा. पेट्रोल भरपूर लागते, रस्त्यावरच्या दोन-तीन पटही. टाकी पावच्या खाली गेली की वळणात पेट्रोलही असेच एका बाजूला जाते आणि इंजिन गचके खाते.

निघायच्या आधी आणखी काय तपासू?

चाकांचे नट टॉर्क रेंचने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्याला आवळा. पायाने पान्यावर उभे राहून आवळणे हा मोजमापाचा प्रकार नव्हे. पहिल्या सेशननंतर चाके थंड झाली की पुन्हा तपासा. बॅटरी हलत नाही ना, कुठून गळती नाही ना, व्हील बेअरिंग घूं घूं करत नाही ना, हे पाहा. ओढण्याचा हुक डिकीत शोधून ठेवा.

मग गाडी रिकामी करा. स्टेपनी, जॅक, पाण्याच्या बाटल्या, चष्म्याची डबी, सगळे बाहेर. सर्वात आधी चालकाच्या बाजूचे मॅट. ते सरकून पेडलखाली अडकले तर वर लिहिलेले सगळे शहाणपण वाया.

मोटरसायकलचे हेल्मेट चालेल?

आयोजकांवर आहे, पण कारच्या हेल्मेटची परीक्षा वेगळी असते. १९५६ मध्ये शर्यतीत डोक्याला मार लागून गेलेल्या पीट स्नेल या हौशी चालकाच्या नावाने १९५७ मध्ये स्नेल फाउंडेशन स्थापन झाले. त्यांच्या मानकांत कारसाठी ‘एसए’ आणि मोटरसायकलसाठी ‘एम’ अशी अक्षरे असतात. ‘एसए’ हेल्मेटचे अस्तर आग लवकर पकडत नाही आणि रोल बारवर डोके पुन्हा पुन्हा आदळण्याची चाचणीही त्यात असते. मानक दर पाच वर्षांनी बदलते, एसए२०१५, एसए२०२०, अशा क्रमाने. सहसा चालू आणि त्याच्या आधीचे मानक स्वीकारतात, म्हणून जुने हेल्मेट स्वस्तात घेण्याआधी आतले लेबल वाचा. पडलेले हेल्मेट मित्राकडूनही घेऊ नका.

कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे. सिंथेटिक आगीत वितळून कातडीला चिकटते. बूट पातळ तळाचे, पेडल जाणवेल असे.

चार किंवा सहा पॉइंटचा हार्नेस, म्हणजे शर्यतीच्या गाडीतला पट्ट्यांचा संच, लावून घेऊ?

एकटा हार्नेस लावू नका. गाडी उलटून टप खाली दबला तर साध्या पट्ट्यात शरीर बाजूला झुकू शकते. हार्नेस तुम्हाला ताठ बांधून ठेवतो. म्हणून हार्नेससोबत रोल बार, योग्य सीट आणि मान सावरणारे हॅन्स उपकरण हे सगळे एकत्रच येते. हॅन्सही खांद्यावरच्या हार्नेसच्या पट्ट्यांनीच जागेवर राहते, साध्या पट्ट्याबरोबर त्याचा उपयोग नाही. तोवर गाडीचा मूळ पट्टा आणि एअरबॅग यांची जोडी उत्तम.

घसरू लागलेली गाडी आपोआप सावरणारे स्टॅबिलिटी कंट्रोल बंद करायचे ना?

चालू ठेवा. दिवा वारंवार लुकलुकत असेल तर तो तुमचा फुकटचा शिक्षक आहे : स्टीयरिंग किंवा ॲक्सिलरेटर तुम्ही धसमुसळेपणाने वापरता आहात.

वळण घ्यायचे कसे? व्हिडिओ खूप पाहिले, पण डोक्यात गोंधळ आहे.

आधी बसणे नीट करा. पाठ सीटला टेकलेली असताना मनगट स्टीयरिंगच्या वरच्या कडेवर टेकले पाहिजे. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनवर.

टायरकडे पकडीची ठरावीक पुंजी असते. ती ब्रेक, वळण आणि वेग वाढवणे यांत वाटायची असते. सगळी ब्रेकवर उधळली तर वळायला काही उरत नाही, आणि स्टीयरिंग फिरवूनही गाडी सरळच जाते. म्हणून सुरुवातीला कामे वेगळी ठेवा : सरळ रेषेत ब्रेक, मग वळण, मग बाहेर पडताना हळूहळू ॲक्सिलरेटर. ब्रेक हळूहळू सोडत वळणात शिरणे, म्हणजे ट्रेल ब्रेकिंग, ही पुढची इयत्ता.

वळणाच्या आतल्या कडेला गाडी जिथे स्पर्श करते तो एपेक्स. नवशिक्याला तो लवकर गाठायचा मोह होतो, कारण वळण दिसले की हात आपोआप फिरतात. लवकर एपेक्स गाठला की बाहेर पडताना रस्ता संपतो. थोडे थांबून, उशिरा वळा. वळणाचा दुसरा भाग मोकळा मिळतो आणि ॲक्सिलरेटर लवकर देता येतो.

आणखी एक हिशेब. त्याच वळणातून ६० ऐवजी ६६ ने गेलात तर वेग दहा टक्के वाढला, पण टायरकडून मागितलेली आडवी पकड २१ टक्के वाढली. ‘थोडेसेच तर जास्त गेलो होतो’ असे म्हणणारे लोक खडीत का सापडतात, ते यावरून कळेल. अशा वेळी घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलणे सगळ्यात वाईट : वजन पुढे झेपावते, मागची चाके हलकी होतात आणि गाडी गरकन फिरते.

आणि बघायचे कुठे? पुढच्या गाडीच्या डिकीकडे नाही. ब्रेक लावताना एपेक्सकडे, एपेक्सजवळ येताना बाहेर पडण्याच्या जागेकडे. हे ऐकायला सोपे आहे. इन्स्ट्रक्टर दिवसभर शेजारी बसून हेच एक वाक्य ओरडत असतात.

झेंडे कोणते लक्षात ठेवू?

पिवळा : पुढे धोका, वेग कमी, ओव्हरटेक बंद. लाल : सेशन थांबले, आरसे पाहून सावकाश वेग कमी करा आणि ब्रीफिंगमध्ये सांगितले तसे थांबा किंवा पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्या थांबवायच्या जागेत, या. तुमच्याकडे रोखलेला काळा : पिटमध्ये बोलावले आहे, वाद तिथे घाला. पिवळ्यावर लाल उभे पट्टे : रस्ता निसरडा, बहुधा ऑइल सांडलेले. निळा : मागून वेगवान गाडी येते आहे. काळे-पांढरे चौकडे : संपले. बारकावे जागोजागी बदलतात, म्हणून ब्रीफिंगचे ऐका.

गाडी सुटलीच तर?

दोन चाके बाहेर गेली तर स्टीयरिंग झटकन आत ओढू नका. टायरला अचानक पकड मिळते आणि गाडी ट्रॅक ओलांडून पलीकडे आदळते. सरळ राहा, वेग कमी होऊ द्या, मग अलगद आत या. गाडी फिरू लागली आणि सावरत नाही असे वाटले तर दोन्ही पाय दाबा : क्लच आणि ब्रेक, पूर्ण. थांबल्यावर आग नसेल तर पट्टा बांधून आतच बसा. चारही चाके बाहेर जाऊन आली तर थेट पिटमध्ये येऊन खालून तपासणी.

सेशन संपल्यावर लगेच पार्क करायचे?

शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न वापरता, वरच्या गिअरमध्ये काढा. पार्क करताना हँडब्रेक ओढू नका. तापलेल्या डिस्कला पॅड चिकटून राहिले तर तिथे डाग बसतो आणि पुढे ब्रेक दाबताना गाडी थरथरते. गिअरमध्ये ठेवा, चाकाखाली ओंडका लावा. तहान लागली नसली तरी पाणी प्या. तिसऱ्या-चौथ्या सेशनमधल्या चुका बऱ्याचदा थकव्याच्या असतात, आणि दमलो म्हणून शेवटचे सेशन सोडणाऱ्याला जुने लोक मान देतात.

इन्शुरन्स?

अनेक पॉलिसींमध्ये सर्किटवरचे नुकसान वगळलेले असते. कागद वाचा, शंका असेल तर लेखी विचारा. गाडी ठोकली तर खर्च आपलाच, हे मान्य असेल तरच जा.

इलेक्ट्रिक गाडी नेता येईल?

आयोजकांची तयारी असेल तर. पिकअप अफाट, पण बॅटरीचे वजन मोठे, त्यामुळे टायर आणि ब्रेक दोन्ही सोसतात. काही फेऱ्यांनंतर बॅटरी तापली की गाडी स्वतःच ताकद कमी करते.

लॅप टायमर लावू का?

पहिल्या काही वेळा नको. आकडा दिसला की माणूस त्याच्या मागे लागतो. रेकॉर्डिंग हवेच असेल तर कॅमेरा पक्का स्क्रूने बसवा, चिकटपट्टीने नाही, आणि आयोजकांना विचारून.

त्याच गाडीने घरी परत यायचे आहे.

बहुतेक जण तसेच येतात. निघण्याआधी टायर थंड होऊ द्या आणि दिवसभर सोडलेली हवा परत भरा, नाहीतर महामार्गावर कमी हवेचा टायर पुन्हा तापतो. चाकांचे नट, इंजिन ऑइल आणि पॅडची जाडी पाहा. आवाराच्या फाटकातच दोन-तीनदा ब्रेक दाबून पेडल पूर्वीइतके उंच आहे का ते तपासा. मऊ लागले तर टो ट्रक बोलवा. पहिल्या काही किलोमीटरवर ऐंशीचा वेग चाळीससारखा वाटेल. त्या वेळात स्पीडोमीटरकडे नेहमीपेक्षा जास्त वेळा बघा.